शोधनिबंधाची शेवटची पाने

व्हॅन डर गीर, हानराड्स आणि लप्टन या तिघांच्या नावावर ‘द आर्ट ऑफ रायटिंग अ सायंटिफिक आर्टिकल’ हा एक शोधनिबंध नोंदलेला आहे. सन २०००, खंड १६३, पृष्ठे ५१ ते ५९, नियतकालिक ‘जे. साय. कम्युन.’. ‘वेब ऑफ सायन्स’ या सूचीत शोध घेतला तेव्हा जवळपास चारशे निबंधांनी तो संदर्भ म्हणून दिलेला आढळला. पण हा निबंध कधी कोणी लिहिलाच नव्हता. ज्या नियतकालिकाचे नाव त्यावर आहे, तेही शोधणाऱ्यांना सापडले नाही.

लायडन विद्यापीठाचे निवृत्त प्राध्यापक पीटर क्रूनेनबर्ग यांनी त्याचा माग काढला आणि अ‍ॅन-विल हार्झिंग यांनी २०१७ मध्ये ती हकीकत प्रसिद्ध केली. एल्सेवियर या प्रकाशनसंस्थेने लेखकांसाठी तयार केलेल्या सूचनांमध्ये ‘संदर्भ असा लिहावा’ हे दाखवण्यासाठी हा एक काल्पनिक नमुना दिला होता. परिषदांसाठी निबंध लिहिणाऱ्या कित्येकांनी तयार साच्याची फाइल उघडली, तिच्यात आपला मजकूर भरला आणि तळाचा नमुना पुसायचा राहून गेला. पुढे तो परीक्षकाच्या, संपादकाच्या, प्रूफ पाहणाऱ्याच्या नजरेखालून गेला. कोणालाच खटकला नाही, कारण दिसायला त्यात काहीच चुकीचे नव्हते. आडनाव आधी, आद्याक्षरे नंतर, स्वल्पविराम जागच्या जागी.

आपल्याकडे संदर्भांची मांडणी शिकवली जाते ती बहुतेक वेळा विरामचिन्हांचा विषय म्हणून. पीएच.डी.चा विद्यार्थी निबंध पूर्ण करतो आणि पाठवायच्या आदल्या रात्री सूची ‘फॉरमॅट’ करायला बसतो. तिरका ठसा कुठे, वर्ष कंसात की शेवटी, दोन लेखकांच्या मध्ये ‘आणि’ की त्याचे चिन्ह, यातच पहाट होते. माझे म्हणणे असे, की या प्रत्येक नियमामागे एकच प्रश्न उभा आहे: वाचकाला मूळ मजकुरापर्यंत पोहोचायला काय काय लागेल? संदर्भ म्हणजे पत्ता. तो वाचून अनोळखी माणसाला नेमक्या घरी जाता आले पाहिजे. हा प्रश्न मनात ठेवला की नियम घोकावे लागत नाहीत आणि नियमात न बसणारे साधन समोर आले तर काय करायचे, हेही सुचते.

संदर्भ दोन जागी असतो. मजकुरात एक छोटी खूण आणि निबंधाच्या शेवटी किंवा पानाच्या तळाशी तिचा पूर्ण तपशील. खूण कशी करायची यावरून शैलींची घराणी पडली. त्यांच्या जन्मकथा पाहिल्या तर त्या त्या विषयाची गरज स्पष्ट दिसते.

हार्वर्डमधील प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्स मार्क यांनी १८८१ मध्ये एका बिनशंखी गोगलगायीच्या अंड्याच्या वाढीविषयी प्रदीर्घ निबंध प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी मजकुरातच कंसात लेखकाचे नाव आणि वर्ष देण्याची रीत वापरली. या रीतीचा हा सर्वांत जुना ज्ञात वापर मानला जातो आणि ‘हार्वर्ड पद्धत’ हे नाव त्यावरूनच पडले. विज्ञानाला ही रीत मानवली याचे कारण उघड आहे. कंसात १९५३ दिसले की एक अंदाज बांधता येतो, २०२३ दिसले की दुसरा. निष्कर्ष किती जुना आहे हे वाचता वाचताच कळते. मात्र हार्वर्ड पद्धतीचे सर्वमान्य असे एक नियमपुस्तक नाही. त्यामुळे ‘आम्ही हार्वर्ड शैली वापरतो’ असे सांगणाऱ्या दोन नियतकालिकांच्या सूच्या वेगवेगळ्या दिसतात. अशा वेळी त्या नियतकालिकाचा ताजा अंक उघडावा आणि त्यातली सूची नीट पाहावी. मानसशास्त्रज्ञांनी याच रीतीला शिस्त लावली. १९२९ मध्ये ‘सायकॉलॉजिकल बुलेटिन’मध्ये लेखकांसाठी सूचना छापल्या गेल्या, त्या अवघ्या सात पानांच्या होत्या. त्यांचाच वारसा सांगणाऱ्या एपीए नियमपुस्तकाची सातवी आवृत्ती चारशे पानांच्या वर गेली आहे.

वैद्यकाची गरज वेगळी होती. तिथे एका वाक्याला सात-आठ अभ्यासांचा आधार द्यावा लागतो. तितकी नावे कंसात घातली तर वाक्यच हरवते. म्हणून आकडे आले. १९७८ मध्ये कॅनडातील व्हँकुव्हर शहरात काही वैद्यकीय नियतकालिकांचे संपादक अनौपचारिकपणे जमले. तो टाइपरायटरचा काळ होता. प्रत्येक नियतकालिकाची मांडणी निराळी असल्याने, एका ठिकाणाहून परत आलेला निबंध दुसरीकडे पाठवताना तो पुन्हा टंकलिखित करून घ्यावा लागे. आपण सर्वांनी एकाच मांडणीतले हस्तलिखित स्वीकारावे, असे या संपादकांनी ठरवले आणि १९७९ मध्ये त्या समान अटी प्रसिद्ध झाल्या. संदर्भांचा नमुना अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाने बसवून दिला होता. लेखकाचे श्रम वाचावेत म्हणून संपादकांनी आपापले हट्ट बाजूला ठेवले, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. आज अनेक नियतकालिके पहिल्या सादरीकरणाला कोणतीही शैली चालेल, फक्त ती सुसंगत आणि पूर्ण असावी, असे सांगतात. तोही याच समजुतीचा पुढचा टप्पा आहे.

इतिहास आणि साहित्य या विषयांत तळटीप टिकून राहिली. इतिहासकाराला नुसता पत्ता देऊन भागत नाही. हे पत्र कोणत्या दप्तरात आहे, त्यावरची तारीख संशयास्पद का, दुसऱ्या संपादकाने काय वाचले, हे सगळे त्याला सांगायचे असते, आणि कंसात ते मावत नाही. १९०६ पासून निघणाऱ्या शिकागोच्या नियमपुस्तकात म्हणूनच दोन रीती शेजारी शेजारी आहेत: टीपा आणि ग्रंथसूची ही मानव्यविद्यांसाठी, नाव आणि वर्ष ही विज्ञानांसाठी. साहित्याच्या अभ्यासकांची एमएलए शैली मजकुरातल्या कंसात वर्ष देतच नाही, नाव आणि पृष्ठांक देते. कादंबरीतले वाक्य कोणत्या पानावर आहे, हे तिथे महत्त्वाचे.

एकच नोंद दोन वेषांत पाहू. डीएनएच्या रचनेचा सुप्रसिद्ध निबंध एपीए शैलीत असा लिहिला जाईल: वॉटसन, जे. डी., आणि क्रिक, एफ. एच. सी. (१९५३). मॉलिक्युलर स्ट्रक्चर ऑफ न्यूक्लिइक अ‍ॅसिड्स: अ स्ट्रक्चर फॉर डीऑक्सिरायबोज न्यूक्लिइक अ‍ॅसिड. नेचर, १७१(४३५६), ७३७–७३८. व्हँकुव्हर शैलीत आद्याक्षरांमधले बिंदू गळतात, वर्ष नियतकालिकाच्या नावामागे जाते आणि शेवट असा होतो: नेचर. १९५३;१७१(४३५६):७३७–८. घटक तेच आहेत. लेखक, वर्ष, शीर्षक, नियतकालिक, खंड, अंक, पृष्ठे. एवढे सात घटक तुमच्या टिपणवहीत प्रत्येक साधनासाठी अचूक उतरलेले असतील, तर शैली बदलणे हे तासाभराचे काम आहे. यातला एक जरी राहिला असेल, तर ग्रंथालयात पुन्हा जावे लागते, आणि तेही बहुधा मुदत संपत आलेली असताना.

या घटकांपैकी भारतीय लेखकांना सर्वांत जास्त त्रास देतो तो पहिलाच, म्हणजे नाव. पाश्चात्त्य शैलींनी गृहीत धरले आहे की प्रत्येकाला एक आडनाव असते आणि ते शेवटी येते. मराठी नावात ते बहुधा जमते, पण मधले वडिलांचे किंवा पतीचे नाव कधी येते, कधी गळते. त्यामुळे एकच ‘जोशी’ एका निबंधात एका आद्याक्षराचे आणि दुसऱ्या निबंधात दोन आद्याक्षरांचे होतात आणि सूचीला ती दोन माणसे वाटतात. तमिळ नावात पुढचे आद्याक्षर वडिलांचे असते. तिथे ‘आडनाव आधी’ हा नियम यांत्रिकपणे लावला तर लेखकाचे स्वतःचे नावच आडनाव समजले जाते. आपल्याकडे लग्नानंतर आडनाव बदलते, काही घरांत पहिले नावही बदलले जात असे, आणि संशोधिकेचे आधीचे काम नंतरच्या कामापासून तुटून पडते. २०१२ पासून मिळणारा ऑर्किड हा सोळा आकड्यांचा ओळखक्रमांक याच दुखण्यावरचा इलाज आहे. तो विनामूल्य आहे. पहिला निबंध पाठवण्याआधीच प्रत्येकाने तो घ्यावा आणि इंग्रजीत आपले नाव कसे लिहायचे ते एकदाच ठरवून टाकावे.

वर्षाचाही एक घोळ असतो. आजकाल निबंध आधी संकेतस्थळावर येतो आणि काही महिन्यांनी अंकात समाविष्ट होतो. डिसेंबरात वाचला तेव्हा तो २०१८ चा होता, अंकात आला तेव्हा २०१९ चा झाला. मजकुरात एक वर्ष आणि सूचीत दुसरे, ही चूक बहुतेक वेळा इथून येते. खंड आणि अंक यांचा पुरावा मिळेपर्यंत टिपणात दोन्ही तारखा ठेवलेल्या बऱ्या. नियतकालिकाचे नाव आखूड करायचे असेल तर ते मनाने करू नये. त्यासाठी आंतरराष्ट्रीय मानक आहे, आणि त्यानुसार ‘नेचर’सारखे एका शब्दाचे नाव मुळीच आखूड होत नाही.

आणि डीओआय. दहा या आकड्याने सुरू होणारा, मध्ये तिरपी रेघ असलेला हा क्रमांक निबंधाला कायमचा चिकटवलेला असतो. प्रकाशकाने संकेतस्थळ बदलले तरी तो नोंदणीत नवा दुवा घालतो आणि जुना क्रमांक वाचकाला बरोबर जागी नेतो. प्रकाशकांनी मिळून २००० मध्ये ‘क्रॉसरेफ’ ही संस्था उभारली आणि नोंदणीचे हे काम ती करू लागली. साध्या दुव्याची अवस्था किती वाईट होते, हे हार्वर्डच्या झिट्रेन, अल्बर्ट आणि लेसिग यांनी तपासले होते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रांत दिलेल्या दुव्यांपैकी निम्मे दुवे मूळ मजकुराकडे नेत नव्हते. निकालपत्राची ही गत, तर एखाद्या शासकीय खात्याच्या संकेतस्थळावरच्या अहवालाचे काय होणार? म्हणून डीओआय असेल तर तोच द्यावा. नसेल तर पाहिल्याची तारीख लिहावी आणि ते पान ‘इंटरनेट आर्काइव्ह’मध्ये साठवून त्या साठवलेल्या प्रतीचा दुवा जोडावा.

एवढ्यापर्यंतचे सगळे इंग्रजी नियमपुस्तकांत मिळते. मराठी साधनांवर काम करणाऱ्याची खरी अडचण त्यापुढे सुरू होते, आणि त्याविषयी आपल्याकडे फार थोडे लिहिले जाते.

तुकोबांचा अभंग उद्धृत करून कंसात ‘तुकाराम गाथा, अभंग क्र.’ एवढे लिहिणे हे मी अनेक निबंधांत पाहतो. कोणती गाथा? १९५० मध्ये पु. मं. लाड यांच्या प्रस्तावनेसह निघालेली, जिला सगळे ‘सरकारी गाथा’ म्हणतात ती, की विष्णुबुवा जोगांची, की देहूची? अभंगांचे क्रमांक प्रत्येक प्रतीत वेगळे आहेत. प्रत सांगितली नाही तर क्रमांकाचा काही उपयोग नाही, आणि वाचक चार हजारांहून अधिक अभंगांत हरवतो. ज्ञानेश्वरीचेही तसेच. अध्याय आणि ओवी एवढे दिले म्हणजे पुरे, असे वाटते खरे. पण राजवाडे यांनी १९०९ मध्ये छापलेली प्रत आणि साखरे परंपरेची प्रत यांत पाठ वेगळे आहेत आणि ओव्यांची एकूण संख्याही सारखी नाही. ज्या शब्दावर तुम्ही युक्तिवाद उभारला आहे, तो शब्दच दुसऱ्या प्रतीत नसेल, तर वाचकाने तुमच्यावर विश्वास का ठेवावा? महाभारताच्या बाबतीत हा प्रश्न भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने जगासाठी सोडवून ठेवला आहे. १९१९ ते १९६६ या काळात, १,२५९ हस्तलिखिते पाहून, तिथे चिकित्सक आवृत्ती सिद्ध झाली. आज पर्व, अध्याय, श्लोक असे तीन आकडे दिले की जगभरचे अभ्यासक बहुधा हीच आवृत्ती समजतात. तुम्ही मात्र नीलकंठी पाठाची चित्रशाळा प्रत वापरली असेल तर तसे स्पष्ट सांगितले पाहिजे, कारण अध्यायांचे आकडे जुळत नाहीत.

असल्या ग्रंथांसाठी सोपी रीत अशी. पहिल्या उल्लेखाच्या वेळी तळटीप देऊन कोणती प्रत वापरली, संपादक कोण, छापली कधी, हे सांगावे आणि तिचे एक संक्षिप्त रूप ठरवावे. पुढे मजकुरात तेवढे संक्षिप्त रूप आणि आकडे. पां. वा. काणे यांचे पाच खंडांचे ‘हिस्टरी ऑफ धर्मशास्त्र’ पाहावे. १९३० ते १९६२ असे बत्तीस वर्षे ते काम छापत होते. शेकडो ग्रंथांची संक्षिप्त रूपे, आणि तळटिपांत मूळ संस्कृत वचने. काण्यांशी मतभेद असलेला वाचकही त्यांच्या तळटिपेचा धागा धरून मूळ ग्रंथापर्यंत जाऊ शकतो, आणि तिथून त्यांच्या विरुद्ध निष्कर्ष काढू शकतो. हे स्वातंत्र्य त्यांनी वाचकाला प्रत्येक पानावर दिलेले आहे.

मराठ्यांच्या इतिहासाची कागदपत्रे हा आणखी एक प्रांत. राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या बावीस खंडांतले पत्र सांगताना खंड आणि लेखांक द्यावा. पृष्ठांकापेक्षा तो भरवशाचा, कारण पुढे खंड पुन्हा छापला गेला तरी लेखांक सहसा बदलत नाही. पत्रावरची तारीख शक, सुहूर, फसली किंवा हिजरी यांपैकी कशातही असेल. ती आहे तशी नोंदवावी आणि तिच्यापुढे चौकोनी कंसात आपण केलेले इसवी रूपांतर द्यावे, म्हणजे साधनात काय आहे आणि आपली भर कोणती, ते वेगळे राहते. जुन्या छापील पुस्तकांवरही नुसता शक असतो. त्यात ७८ मिळवायचे, हे सर्वांना ठाऊक आहे. पण शकवर्ष चैत्रात सुरू होते, त्यामुळे जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंतच्या महिन्यांसाठी ७९ मिळवावे लागतात. पुस्तकावर महिना नसेल तर ‘शके १८४५ [१९२३–२४]’ असे दुहेरी वर्ष लिहिणेच प्रामाणिक.

टोपणनावाने लिहिणाऱ्यांची नोंद पुस्तकावर जे नाव आहे त्याच नावाने करावी, हवे तर खरे नाव चौकोनी कंसात: कुसुमाग्रज [शिरवाडकर, वि. वा.]. एकाच माणसाची नाटके एका नावाने आणि कविता दुसऱ्या नावाने सूचीत विखुरल्या जाऊ नयेत, म्हणून एका नावापाशी ‘पाहा’ असा निर्देश पुरतो. इंग्रजी नियतकालिकासाठी लिहीत असाल तर मराठी पुस्तकाचे नाव रोमन लिपीत लिहून त्यापुढे चौकोनी कंसात इंग्रजी अर्थ द्यावा. नुसता अर्थ दिला तर त्या नावाचे पुस्तक कोणत्याही ग्रंथालयात सापडणार नाही. मराठी निबंधात देवनागरी आणि रोमन नोंदी एकत्र कालवण्यापेक्षा दोन वेगळ्या याद्या कराव्यात, मराठीची अकारविल्ह्याने.

आता मांडणीहून गंभीर गोष्टीकडे येतो. संदर्भ दुसऱ्याच्या सूचीतून उचलणे. सिमकिन आणि रॉयचौधुरी या दोन अभ्यासकांनी सुमारे ४,३०० वेळा उद्धृत झालेल्या एका गाजलेल्या निबंधाचे संदर्भ तपासले. १९६ संदर्भांत आकड्यांच्या चुका होत्या; पण वेगवेगळ्या चुका होत्या फक्त ४५. एकच चुकीचा पृष्ठांक ७८ जणांनी लिहिला होता. ७८ माणसे स्वतंत्रपणे तोच आकडा चुकणे शक्य नाही. चूक एकाने केली, बाकीच्यांनी ती उतरवून घेतली. या गणितावरून त्यांनी काढलेला अंदाज असा, की निबंधाचा संदर्भ देणाऱ्यांपैकी साधारण वीस टक्केच लोक मूळ निबंध वाचत असावेत.

न वाचता दिलेल्या संदर्भाची किंमत किती मोठी असू शकते, याचे उदाहरण अमेरिकेत घडले. जानेवारी १९८० मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये पोर्टर आणि जिक यांचे पाच वाक्यांचे एक पत्र छापून आले. रुग्णालयात दाखल असताना अफूजन्य औषधे दिलेल्या ११,८८२ रुग्णांपैकी व्यसन जडल्याची नोंद फक्त चौघांची आहे, असे त्यात म्हटले होते. घरी जाऊन महिनोन्महिने गोळ्या घेणाऱ्यांविषयी त्यात एक अक्षर नव्हते. पण पुढे ते पत्र ‘ही औषधे घेतल्याने व्यसन क्वचितच लागते’ याचा पुरावा म्हणून फिरू लागले. २०१७ मध्ये त्याच नियतकालिकात झालेल्या छाननीत ६०८ उल्लेख सापडले. त्यांतल्या ७२ टक्क्यांहून अधिक उल्लेखांनी पत्राचा असाच उपयोग केला होता, आणि सुमारे ८१ टक्के उल्लेखांनी ते रुग्ण रुग्णालयातले होते हे सांगितलेच नव्हते. या औषधांच्या व्यसनाने अमेरिकेत लाखो कुटुंबे उद्ध्वस्त झाली. त्या ६०८ नोंदींपैकी कित्येकींत खंड, अंक, पृष्ठ अगदी बिनचूक असतील. ज्यांनी ते पाच वाक्यांचे पत्र उघडले नाही, त्यांना ते वाचायला एक मिनिटही लागले नसते.

म्हणून मूळ ग्रंथ हाती आला नसेल, तर तसे कबूल करण्याची सोय प्रत्येक शैलीत आहे. मजकुरात मूळ लेखकाचे नाव लिहून पुढे ‘अमुक यांच्या ग्रंथात उद्धृत’ असे म्हणावे आणि सूचीत जो ग्रंथ आपण पाहिला तोच द्यावा. विद्यार्थ्यांना यात कमीपणा वाटतो. त्यांच्या मार्गदर्शकांनी हा गैरसमज आग्रहाने दूर केला पाहिजे. साम्य-तपासणीच्या भीतीने संदर्भ आखडते घेणारेही भेटतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार साम्य मोजताना संदर्भसूची आणि श्रेय देऊन घेतलेली अवतरणे वगळायची असतात. तेव्हा अवतरणचिन्ह आणि पृष्ठांक देण्यात तोटा कसलाच नाही.

सॉफ्टवेअरने या कामातले कष्ट खूपच कमी केले आहेत. झोटेरो २००६ मध्ये जॉर्ज मेसन विद्यापीठात तयार झाले आणि ते विनामूल्य आहे. एण्डनोट, मेंडेली आहेत. गणित-भौतिकीतले लोक १९८५ पासून बिबटेक वापरतात. झोटेरोसारखी साधने ज्या सामायिक भांडारातून शैली घेतात, त्यात दहा हजारांहून अधिक शैली आहेत. पहिल्या दिवसापासून वापरलेत तर शेवटची रात्र वाचते. पण सॉफ्टवेअर जे भरले तेच मांडते. प्रकाशकाच्या पानावरून माहिती ओढून घेताना शीर्षक सगळे मोठ्या अक्षरांत येते, संपादक लेखकाच्या रकान्यात जाऊन बसतो, आणि ‘भारत इतिहास संशोधक मंडळ’ या लेखक-संस्थेचे आडनाव ‘मंडळ’ होते. संस्थेचे नाव अखंड ठेवण्यासाठी झोटेरोत नावाचा एकच रकाना निवडण्याची सोय आहे. ती फारच थोडे वापरतात. नोंद घेतली की लगेच, पुस्तक समोर असतानाच, ती शीर्षकपानाशी ताडून पाहावी. मुखपृष्ठाशी नव्हे; मुखपृष्ठावर उपशीर्षक गळलेले असते.

चॅटजीपीटीसारख्या साधनांकडून संदर्भ मागवण्याचा मोह आता नवा आहे. ही साधने नोंदीचा आकार हुबेहूब उभा करतात, खऱ्या लेखकाचे नाव आणि खऱ्या नियतकालिकाचे नाव जोडतात, आणि तसा निबंध अस्तित्वातच नसतो. जून २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयाने असे बनावट निवाडे सादर करणाऱ्या वकिलांना पाच हजार डॉलर दंड केला. तयार नोंदीचे विरामचिन्ह सुधारून घ्यायला ही साधने वापरावीत, पण नवी नोंद मात्र डीओआय उघडून, निबंध डोळ्यांनी पाहून मगच सूचीत यावी.

निबंध पाठवण्याआधी मी एक काम कागदावर करायला सांगतो. सूची छापून घ्यायची, मजकूर पहिल्यापासून वाचायचा आणि प्रत्येक खुणेपाशी थांबून सूचीत बरोबरीची खूण करायची. मजकुरात आहे आणि सूचीत नाही, सूचीत आहे आणि मजकुरात नाही, नावाचे स्पेलिंग दोन ठिकाणी दोन, एकाच लेखकाचे एकाच वर्षातले दोन निबंध आणि त्यांना ‘अ’, ‘आ’ लावलेले नाही: हे सगळे या एका फेरीत सापडते. आकड्यांची शैली असेल तर परीक्षकांच्या सूचनेवरून मध्येच घातलेल्या एका संदर्भाने पुढचे सगळे आकडे सरकलेले असतात. म्हणून कच्चा खर्डा नाव-वर्षातच ठेवावा आणि आकडे शेवटी पाडावेत. सॉफ्टवेअरच्या जिवंत खुणा असलेली फाइल स्वतःजवळ ठेवून नियतकालिकाला साध्या मजकुराची प्रत पाठवावी, नाहीतर त्यांच्या मांडणीत आकडे अनेकदा गळतात.

त्यानंतर एक तपासणी उरते, ती मागे घेतलेल्या निबंधांची. लस आणि स्वमग्नता यांचा संबंध सुचवणारा ‘लॅन्सेट’मधला १९९८ चा निबंध २०१० मध्ये मागे घेतला गेला, तरी त्याचे उल्लेख थांबलेले नाहीत. काही उल्लेख टीकेसाठी असतात, ते योग्यच. पण तेव्हा सूचीतल्या नोंदीपुढे ‘मागे घेतलेला’ असे लिहिलेच पाहिजे. ‘रिट्रॅक्शन वॉच’चा माहितीसाठा २०२३ पासून क्रॉसरेफकडे असून सर्वांना खुला आहे, आणि झोटेरो अशा नोंदीवर आपणहून इशारा दाखवते. ही तपासणी दोनदा करावी लागते: निबंध पाठवताना, आणि प्रूफ हाती येते तेव्हा, कारण मधल्या काळात वर्षदेखील गेलेले असू शकते. ‘प्रकाशनाधीन’ म्हणून दिलेल्या निबंधांना तोवर खंड आणि पृष्ठे मिळालेली असतात, तीही त्याच वेळी भरावीत. प्रूफसोबत कॉपी-एडिटरचे प्रश्न येतात, त्यांतले बरेचसे संदर्भांविषयीच असतात. ‘क्र. १७: प्रकाशनस्थळ?’, ‘देशपांडे २०११ सूचीत नाही’. मुदत दोन-तीन दिवसांची असते. उत्तर आठवणीतून देऊ नये, पुस्तक उघडून द्यावे.